२३१ प्रश्नावल्या आणि एक जिना

मी एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब लिहिते. त्यामुळे "सभासदांचं मत घ्यायला हवं" असं सभेत कुणी म्हणालं, की सगळ्या माना माझ्याकडे वळतात.

पहिल्या खेपेला मी हुरळून गेले होते. दोन पानं, १४ प्रश्न, काउंटरवर पत्र्याची पेटी, शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. महिन्याभरात २३१ कागद जमले. एक्सेलमध्ये भरले, वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट, काढला. १८९ जण समाधानी, म्हणजे ८२ टक्के. हिरव्यागार पोळीएवढा तो तुकडा पडद्यावर आल्यावर सभेत टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी सभासदसंख्या आणखी घटली.

बरेच दिवस मला वाटत होतं की माझी आकडेमोड चुकली असेल. ती बरोबर होती. गडबड त्याच्या कितीतरी आधी, प्रश्न लिहितानाच झाली होती.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करते. प्रश्न लिहिण्याआधी आलेख काढते, रिकामा. कोऱ्या कागदावर आडवा अक्ष, उभा अक्ष, वर शीर्षक, आत अंदाजे चार खांब. आकडे नाहीत. मग कार्यकारिणीला विचारते, "हा खांब उंच आला तर आपण काय करणार? आणि तो शेजारचा आला तर?" दोन्ही वेळा उत्तर एकच असेल, किंवा सगळे छताकडे बघायला लागले, तर तो प्रश्न कटाप. "आपले शिक्षण" हा प्रश्न असाच गेला. आधी तो का होता? सगळ्याच फॉर्मवर असतो म्हणून. १४ चे सहा प्रश्न झाले तेव्हा आमच्या अध्यक्षांना फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांकडे जातोच आहोत तर विचारून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. पण नवव्या प्रश्नानंतर माणूस वाचत नाही, नुसत्या खुणा करत जातो. माझ्या २३१ कागदांपैकी बऱ्याच कागदांवर दुसऱ्या पानावरच्या खुणा एका सरळ रेषेत खाली उतरलेल्या होत्या.

दुसरा बदल म्हणजे आई. छापायला देण्याआधी मी प्रत्येक प्रश्न तिला मोठ्याने वाचून दाखवते आणि तिने उत्तर द्यायच्या ऐवजी तिला काय समजलं ते सांगायचं, असा करार आहे. पहिल्याच बैठकीत तिने माझी दाणादाण उडवली.

"आपण पुस्तके वेळेवर परत करतो का?" मी वाचलं.

"आपण म्हणजे मी, की आपण सगळे?"

आता काय सांगणार! मराठीत 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'ही आहे आणि 'मी धरून सगळे'ही. 'करता' लिहिलं असतं तरी भागलं असतं, पण मी सौजन्याच्या भरात तेही घालवलं होतं. एकाने स्वतःबद्दल उत्तर दिलं असणार, दुसऱ्याने एकूण समाजाबद्दल. दोन्ही उत्तरं एकाच खांबात जाऊन बसली.

पुढचा: "सध्याच्या वेळेमुळे आपली गैरसोय होत नाही ना?" आई म्हणाली, "हो." मग थांबून म्हणाली, "म्हणजे, हो, होत नाही. का नाही, होत नाही?" नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस 'हो' म्हणाला तर त्याने नेमकं काय कबूल केलं, हे कागदावरच्या खुणेवरून कळत नाही. बोलताना मान हलते, सूर असतो. कागदावर फक्त एक चौकोन. शिवाय त्या 'ना' मध्ये मी त्याच्या तोंडात उत्तर घालते आहे, ते वेगळंच.

मग पर्याय. मी लिहिले होते: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, अधूनमधून, कधीच नाही. आईचा प्रश्न: "अधूनमधून जास्त की कधीकधी?" मी चार जणांना विचारलं, दोघांनी एक क्रम सांगितला, दोघांनी दुसरा. ज्या पट्टीच्या खुणांचाच क्रम ठरत नाही तिने काय मोजणार? आता मी सरळ आकडे देते: गेल्या ३० दिवसांत किती वेळा आलात? एकदाही नाही, १ ते २, ३ ते ५, ६ किंवा जास्त. तेही "गेल्या महिन्यात" असं न लिहिता, कारण महिन्याच्या पाच तारखेला "गेला महिना" म्हटलं की निम्मे लोक कॅलेंडर बघतात आणि निम्मे आजपासून मागे मोजतात.

आकड्यांचे पर्याय दिले म्हणजे सुटलो असंही नाही. १९८५ साली नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेला एक प्रयोग मला कायम भीती घालतो. रोज किती वेळ टीव्ही बघता, एवढाच प्रश्न. एका गटाला दिलेले पर्याय 'अर्ध्या तासापर्यंत' पासून सुरू होऊन 'अडीच तासांपेक्षा जास्त' इथे संपत होते. दुसऱ्या गटाचे 'अडीच तासांपर्यंत' पासून सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होते. अडीच तासांपेक्षा जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात सुमारे १६ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७.५. माणूस आपले तास मोजत बसत नाही. तो पर्यायांची यादी बघतो, मधला पर्याय चारचौघांचा असणार असं गृहीत धरतो आणि त्याच्या आसपास स्वतःला बसवतो. म्हणून आता मी आधी पाच-दहा जणांना तोच प्रश्न पर्यायांशिवाय विचारते आणि मग पर्याय ठरवते.

शब्दांचं तसंच. आमच्याकडे "वाचनकक्षात मोबाइलवर बोलण्यास बंदी घालावी का?" असा प्रश्न होता. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेली तुलना मला तेव्हा माहीत नव्हती. अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी असावी का, या प्रश्नाला ६२ टक्के लोक 'नसावी' म्हणाले. त्यांवर बंदी असावी का, असं विचारलं तेव्हा 'असावी' म्हणणारे ४६ टक्केच. तर्काने बघितलं तर गोष्ट एकच, पण 'बंदी' हा शब्द तोंडातून काढायला जड जातो. आता मी "बोलावं असं वाटतं का बाहेर जाऊन बोलावं असं वाटतं" अशा दोन्ही बाजू प्रश्नातच ठेवते. लांबलचक होतं, चालतं.

पाच पायऱ्यांच्या पट्टीबद्दल थोडं. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही पट्टी रेन्सिस लिकर्ट यांची, १९३२ सालची. मी ती मराठीत आणताना मधल्या पायरीला 'बरे' लिहिलं आणि फसले. आजारी माणसाला "बरं आहे का?" विचारलं तर 'बरं' म्हणजे उत्तम. नव्या पडद्यांबद्दल कुणी "बरे आहेत" म्हटलं तर ते परत करावे लागणार. आता मधे 'समाधानी नाही, असमाधानीही नाही' असं कुरूप पण स्पष्ट वाक्य असतं आणि बाजूला, वेगळा, 'सांगता येत नाही'. हा वेगळा चौकोन फार महत्त्वाचा. तो नसला तर लोक आपलं अज्ञान उघडं पडू नये म्हणून काहीतरी मत देऊन टाकतात. जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल विचारलं होतं, तर सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्यावर मत दिलं. आमच्या "नव्या सूचीबद्दल आपले मत" या प्रश्नाला भरभरून उत्तरं आली होती. सूची तोवर कपाटात होती.

उत्तरं भरतानाचे माझे पराक्रम थोडक्यात सांगते, कारण ते आठवले की अजून कान लाल होतात. वय मोकळ्या जागेत लिहायला दिलं होतं. कुणी इंग्रजी आकड्यांत लिहिलं, कुणी मराठी, कुणी अक्षरी, एकाने "निवृत्त". रिकाम्या जागी मी ९९ भरलं, ओळखू यावं म्हणून, आणि मग सरासरी काढताना तो ९९ वगळायला विसरले. सभासदांचं सरासरी वय एका दुपारी सात वर्षांनी वाढलं. आता रिकामं ते रिकामंच ठेवते. 'लागू नाही', 'सांगता येत नाही' आणि कोरी जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका डब्यात टाकायच्या नाहीत.

आणि त्या वृत्तालेखाबद्दल. विल्यम प्लेफेअरने तो १८०१ मध्ये छापला आणि तेव्हापासून सगळ्यांना आवडतो. गूगल फॉर्म्सही एकच पर्याय निवडायच्या प्रश्नाला आपणहून वृत्तालेख काढून देतं, त्यामुळे लोकांना वाटतं हाच योग्य. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच पट्टीवरच्या जागा आपला डोळा अचूक ताडतो, कोन ताडताना चुकतो. २३ टक्के आणि २७ टक्के शेजारी फाकांत दाखवा, लोक आकडे वाचायला पुढे झुकतील. खांबांत दाखवा, मागच्या रांगेतल्या माणसालाही कळेल. 'हवे ते सर्व निवडा' प्रकारच्या उत्तरांचा वृत्तालेख तर मी एकदा काढला होता. बेरीज १६४ टक्के. तो चुकीचा आहे हे मला सोडून सभेतल्या एका शाळकरी मुलीच्या लक्षात आलं.

पट्टीच्या उत्तरांची नुसती सरासरी मी आता देत नाही. ३ आलं म्हणजे सगळे मध्यावर, की निम्मे १ आणि निम्मे ५? शाळेत शिकवायचे तो शतमान स्तंभालेख, म्हणजे प्रत्येक खांब शंभर टक्क्यांचा आणि आत उत्तरांचे तुकडे, तो आडवा पाडते, असमाधानी डावीकडे, समाधानी उजवीकडे, मधले मधोमध. भांडण असेल तर दोन्ही टोकं फुगलेली दिसतात. पर्यायांचा क्रम पट्टीचाच ठेवायचा, उंचीप्रमाणे लावायचा नाही. अक्ष शून्यापासून. आणि प्रत्येक खांबाखाली किती जणांची उत्तरं आहेत तो आकडा, कारण "युवा गटात ७५ टक्के" म्हणजे चारांतले तिघे असू शकतात. आमच्याकडे होतेच.

आता जिना.

ती ८२ टक्क्यांची पेटी ठेवली होती काउंटरवर. काउंटर दुसऱ्या मजल्यावर. पेटीत कागद टाकणारा प्रत्येक जण चढून वर आलेला होता. सभेत एकाने विचारलं होतं, "यात कमी-जास्त किती धरायचं?" मी ऐटीत सांगितलं, साधारण साडेसहा टक्के. एक भागिले नमुन्याचं वर्गमूळ, हे ढोबळ सूत्र पाठ होतं. पण ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांसाठी आहे. पेटीपर्यंत आपणहून आलेल्यांना ते लागूच पडत नाही, कागद २३१ असोत वा २३ लाख. २३ लाख उगीच म्हणत नाही. १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या साधारण २३ लाख परत आल्या आणि रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन ५७ टक्के मतांनी जिंकणार असं त्यांनी छापलं. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले आणि परत पाठवणाराही ज्याला हौस तोच. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले.

तर दुसऱ्या खेपेला आम्ही उलट केलं. ज्यांनी वर्गणी भरायची थांबवली अशा ६४ जणांना फोन केले. ४१ जण बोलले. येणं का थांबलं, याला मी पाच कारणं दिली होती: वेळ, पुस्तकं जुनी, मोबाइलवर वाचतो, घर बदललं, इतर. रिकाम्या आलेखात 'इतर'चा खांब मी करंगळीएवढा काढला होता. प्रत्यक्षात तो सगळ्यांत उंच आला, १९ जण. आपल्या पर्यायांची यादी चुकली याची एवढी जाहीर पावती दुसरी नाही. मग 'इतर'पुढे लिहून घेतलेलं एकेक वाचत वहीत ताळ्याच्या खुणा केल्या. जिना. गुडघे. जिना. "वर येववत नाही हो." जिना. १९ पैकी ११.

११ जणांचे टक्के काढत बसले नाही. कागद तसाच सभेत वाचून दाखवला. या वेळी टाळ्या नव्हत्या.

आता खाली, तळमजल्यावर, आठवड्यातून दोन दिवस पुस्तकं द्यायची का, यासाठी नवी प्रश्नावली चालू आहे. सगळ्या आजी-माजी सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढली आहेत. आठ दिवस रिकामे आलेख काढले, खोडले. काल रात्री चौथा प्रश्न आईला वाचून दाखवला: "जिन्याचा तुम्हाला त्रास होतो का?" 'आपल्याला' खोडून 'तुम्हाला' केलं होतं, वाक्य छोटं होतं, मी निर्धास्त होते.

आई गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली.

"चढताना की उतरताना?"

चौथ्याचे दोन प्रश्न केले.