आधी धाप की आधी धूर?

हवेतल्या प्रदूषणाने आजारी माणसांच्या श्वासावर काय परिणाम होतो, हे आम्ही तपासतो. या अभ्यासाच्या कागदांवर माणसाला नाव नसतं, क्रमांक असतो. हे काका २२ नंबरचे. सत्तरी ओलांडलेली, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, जुना, सोबत मधुमेह आणि एकदा येऊन गेलेला हार्ट अटॅक. दोन आठवडे आमची पिशवी त्यांनी जवळ बाळगायची होती. तिच्यात हवेतले बारीक कण मिनिटामिनिटाला मोजणारा सेन्सर, आणि मिनिटाला २ लिटर हवा फिल्टरमधून ओढणारा छोटा पंप. शिवाय दिवसातून चारदा पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पंपाचा आवाज बारीक पण अखंड. "ही रात्रभर उशाशी घोरते," एवढीच काकांची तक्रार.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "दुखणं छातीचं, मग हृदयाची पट्टी कशाला चिकटवता?" मी सांगितलं, की अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे दाह होतो, आणि तो तिथेच थांबत नाही. रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाची लय बिघडू शकते. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकट धुकं बसलं होतं. त्यात हजारो माणसं दगावली, आणि त्यांतली बरीच आधीपासून छातीचे किंवा हृदयाचे रोगी होती. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखी." यावर काय बोलायचं असतं ते मला अजून जमलेलं नाही.

तर, त्या गुरुवारची गोष्ट. दुपारी चारला टीमची बैठक होती आणि माझ्याकडे २२ नंबरचा आलेख तयार होता. असा आलेख वर्षात एखादाच मिळतो. ज्या तासात कण उसळले, त्याच तासात काकांचा श्वास खाली. एरवी २९० फुंकणारा माणूस त्या तासांत २१० वर. आणि उसळी तरी केवढी? घनमीटर हवेत ९०० मायक्रोग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. खरं सांगायचं तर मी तो आलेख स्लाइडवर टाकून त्याचा रंगसुद्धा दोनदा बदलला होता.

खोडा घातला तो वजनाने. फिल्टर वापराआधी आणि नंतर, ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवून, मायक्रोग्रॅमपर्यंत तोलतात. कंटाळवाणं काम, पण इथे लबाडी चालत नाही. तो फिल्टर ज्या दिवशी लावला होता, त्या दिवसाची सेन्सरची सरासरी ९०. त्या हिशेबाने फिल्टरवर अडीचशेच्या वर मायक्रोग्रॅम जमायला हवे होते. भरले १४०. पुन्हा तोलला, तरी १४०. बाकीच्यांचे सेन्सर आणि फिल्टर थोड्याफार फरकाने जुळत होते, एकट्या काकांचं गणित निम्म्याने चुकत होतं. पंप बंद पडला असेल म्हणावं, तर त्याचा प्रवाह नीट नोंदलेला. मग सेन्सर बिघडला असणार, असं धरून मी दुसरा सेन्सर पिशवीत घातला आणि दहाच्या सुमारास काकांच्या घरी गेले.

काका धापा टाकत होते. मला हातानेच "बस" म्हणाले. मीटरमध्ये फुंकलं, २२०. वहीत आकडा लिहिला. मग कॉटखालून एक डबा ओढला, नळी जोडली, औषधाची कुपी मोडून कपात ओतली, मास्क चढवला आणि बटण दाबलं. मास्कच्या दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ भसाभस बाहेर. आमची पिशवी शेजारीच, खुर्चीच्या पाठीला लटकलेली.

मी मोबाइलवर सेन्सर उघडला. ५२. मग ३८०. मग ९१०.

नेब्युलायझर औषधाचे थेंब मुद्दामच १ ते ५ मायक्रॉनचे करतो, फुप्फुसात खोल पोचावेत म्हणून. आमचा सेन्सर कण तोलत नाही. तो प्रकाश टाकतो आणि किती विखुरतो ते पाहतो. त्याला डिझेलची काजळी काय आणि सलाइनचा, म्हणजे औषध मिसळलेल्या मिठाच्या पाण्याचा, थेंब काय, सारखंच. फिल्टरवर बसलेल्या थेंबांतलं पाणी मात्र उडून गेलं असणार, मागे मिठाचा कण तेवढा उरला.

काकांनी मास्क काढल्यावर मी विचारलं, "हे रोज घेता?"

"दम लागला की घेतो. चारदा होतं कधी. लिहितो की मी वहीत."

लिहिलं होतंच. चौकटीत जागा नव्हती म्हणून समासात, बारीक अक्षरात: 'वाफ घेतली.' हे मी आधीही वाचलं होतं. सर्दी झाल्यावर घेतात ती वाफ समजले होते. आमच्या छापील वहीत औषधांचा रकाना होता तो इन्हेलरच्या झटक्यांचा. नेब्युलायझरचा रकानाच नव्हता, आणि ती वही मीच तयार केलेली.

ऑफिसात येऊन तासांच्या सरासऱ्या बाजूला ठेवल्या आणि मिनिटांचे आकडे काढले. फुंकलं ७ वाजून ४ मिनिटांनी, कण उसळले ७ वाजून ९ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशीही तोच क्रम. आधी श्वास पडतो, मग 'प्रदूषण' येतं. तासाच्या एकाच खणात दोन्ही कोंबल्यावर कोण आधी हे दिसणार कसं? माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याच्याच बऱ्या दिवसांशी करायची ही पद्धत मला फार आवडते. वय, सिगारेटचा इतिहास, जुनी दुखणी सगळी आपोआप बाजूला पडतात. पण औषध दुखण्याच्याच वेळी घेतात, ते बाजूला पडत नाही.

बैठकीत ती स्लाइड दाखवली, पण नेब्युलायझरच्या वेळांवर लाल रेघा मारून. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाकी ३१ जणांचं काय?" या प्रश्नाची मला सकाळपासून धास्ती होती.

संध्याकाळी काकांचे उसळलेले तुकडे कापून टाकले. उभा अक्ष आता हजाराचा राहिला नाही, दोनशेचा झाला. आणि इतके दिवस तळाशी चपटा दिसणारा एक उंचवटा वर आला. पहाटे ६ च्या पुढे, १४० पर्यंत, चाळीसेक मिनिटं. त्या आठवड्यात दोनदा. त्या दोन्ही सकाळी ७ चा श्वास कमी होता, आणि या वेळी कण आधी होते. दोन सकाळी म्हणजे काहीच नव्हे, हे मला कळतं. तरी वही पुन्हा उघडली. त्याच तारखा, तोच समास: 'मागे कचरा पेटवला. ६.१५ खिडकी लावली.'

समासातलं काही संगणकात भरायचं नाही, अशी सूचना आकडे भरणाऱ्या मुलांना मीच लेखी दिली होती. बाकीच्या वह्यांचा गठ्ठा कपाटातून काढला आणि फक्त कडा वाचायला बसले. साडेआठपर्यंत अकरा झाल्या. त्यांतल्या तिघांनी 'वाफ' लिहिलं होतं, आणि एका मावशींनी नुसतं 'मशीन'.