गिळलेल्या काना-मात्रा

२०१० ची दिवाळी. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, ५ नोव्हेंबरला होतं आणि त्याआधीच्या शनिवारी कारखान्यात बोनस वाटायचा होता. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा कारखाना, दोन पाळ्या, दोनशेच्या वर माणसं. हजेरी, उचल, पगार, बोनस हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो मी लिहिलेला होता. सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत, विंडोज एक्सपीवर चालणारा. ऑफिसात दोनच कॉम्प्युटर, त्यामुळे बिघडलं काही की फोन थेट मला.

त्या वर्षी मालकांनी एक चांगली गोष्ट मनावर घेतली होती. बोनसची पावती मराठीत द्यायची. तोवर ती इंग्रजीत निघायची आणि कामगार नुसता आकडा बघून सही करायचे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक घरी तेलुगू बोलणारे, काही कन्नड, काही दखनी. पण अक्षर लावून वाचायचं तर बहुतेकांना मराठीच यायचं. इंग्रजी जवळजवळ कुणालाच नाही. म्हणून मी फॉर्मवर ‘मराठी नाव’ असा नवा रकाना टाकला आणि जपून टाकला. नावात आकडा नको, स्वल्पविराम नको, चुकून दाबलेली स्टार-हॅशची बटणं नकोत. कळ दाबली की आधी तपासायचं, हे अक्षर आहे का? असेल तर घ्यायचं, नसेल तर सोडून द्यायचं. ‘कमल’ टाइप करून पाहिलं, ‘रतन’ टाइप करून पाहिलं. दोन्ही नीट उमटली. मी निश्चिंत झालो.

नावं भरायला चार दिवसांपुरती एक मुलगी घेतली होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली, हात भराभर चालायचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिनं सगळं हजेरी-रजिस्टर उतरवून काढलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला फोन आला. ती उचल भरत होती, म्हणजे वर्षभरात कामगारानं घेतलेली आगाऊ रक्कम, जी बोनसमधून वळती करायची असते. पहिलीच रक्कम सेव्ह करताना प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर ‘इनपुट स्ट्रिंग वॉज नॉट इन अ करेक्ट फॉरमॅट’, म्हणजे भरलेला मजकूर हव्या त्या स्वरूपात नाही. मी गेलो, पाहिलं. रकान्यात ५०० लिहिलेलं होतं. पाच, शून्य, शून्य. त्यात चुकीचं काय आहे हे मला पाच मिनिटं दिसेना, कारण माझे डोळे मराठी आहेत. तिचा कीबोर्ड मराठीवर होता आणि आकडे देवनागरीत उमटले होते.

कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३, आपल्या पाचाचा २४११. ही दोन वेगळी चिन्हं आहेत. आकड्यांच्या रकान्यात मी जी तपासणी ठेवली होती ती डॉटनेटचं, म्हणजे सी शार्पसोबत मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तयार अवजारांच्या पेटीतलं, ‘इजडिजिट’ हे फंक्शन वापरत होती आणि ते देवनागरीसकट जगातल्या बहुतेक लिप्यांचे अंक अंक म्हणूनच ओळखतं. म्हणजे दारावरच्या राखणदारानं आपल्या पाचाला आत सोडलं. आत मजकुराची संख्या करणारं जे फंक्शन होतं, त्याला मात्र शून्य ते नऊ फक्त इंग्रजीच कळतात. त्यानं हात वर केले. एकाच कंपनीची, एकाच पेटीतली ही दोन अवजारं, पण अंक कशाला म्हणायचं यावर त्यांचं एकमत नाही. मी नाव वाचून भरवसा ठेवला होता, आत काय आहे ते वाचलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक देवनागरी अंकाची किंमत काढून इंग्रजी अंक ठेवायचा, मग संख्या करायची. तिला ‘इंग्रजीतच टाइप कर’ असं सांगणं त्याहून सोपं होतं, पण ते मला बरं वाटेना. तिनं लिहिलेला पाच पाचच होता. अर्ध्या तासात काम झालं, उचल भरून झाली, दुपारी पावत्यांची छपाई सुरू झाली. अण्णा, म्हणजे आमचे मुनीम, टोकन नंबराप्रमाणे पावत्या लावून पाकिटात घालत होते. ते नंबर बघत होते, नाव बघायचं त्यांना कारण नव्हतं. मी डबा उघडला. भाकरी आणि शेंगाचटणी होती हेही आठवतं, कारण ती तशीच राहिली.

पाळी बदलली तशी ऑफिसच्या खिडकीशी रांग लागली. लोक पाकीट घेत होते, नोटा मोजत होते, सही करत होते, काही अंगठा लावत होते. थोड्या वेळानं मला आवाज बदललेला जाणवला. कुणीतरी कुणाची तरी पावती मोठ्यानं वाचत होतं आणि बाकीचे हसत होते. मग गर्दीतून एक बाई दारातून सरळ आत आली. कांडी खात्यातली, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरणारी, वय पन्नाशीच्या आसपास. तिनं पावती टेबलावर ठेवली, पैसे त्यावर ठेवले आणि म्हणाली, “हे माझं न्हाई.”

अण्णांनी टोकन नंबर पाहिला. “तुझंच आहे की, अक्का. पैसे मोज.”

“पैसे बराबर हाईत. नाव माझं न्हाई.”

मी पावती उचलली. तिचं नाव सविता. पावतीवर छापलं होतं, ‘सवत’.

मला काही बोलता येईना. ती म्हणाली, “मी कुणाची सवत हाय, सांगा की सर.” आवाज चढवला नव्हता. बाहेर ज्या बायका हसत होत्या त्यांच्याबरोबर ती वीस वर्षं कांड्या भरत आलेली, आणि सोमवारी परत त्यांच्यातच बसायचं होतं. अण्णा पेन काढून म्हणाले, आण, वेलांटी-काना देतो. तिनं पावतीवर हात ठेवला. “पेनानं नको. कमलचं मशिनीनं नीट आलंय की. माझंबी मशिनीनं येऊ द्या. ह्या नावावर मी सही करणार न्हाई.”

कमलचं नीट आलंय. त्या वाक्यानं मला माझी चूक दाखवली, आणि ती दिसली तेव्हा पोटात कसंतरी झालं.

मी उरलेल्या पावत्या पसरल्या. लक्ष्मीचं ‘लकषम’. नरसम्माचं ‘नरसमम’. अंबाबाईचं ‘अबबई’. शांताचं ‘शत’. काना नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर तर नाहीच. नुसती व्यंजनं. कमल, रतन, शरद एवढेच धड उतरलेले, कारण त्यांच्या नावात मात्राच नाही. आणि मी चाचणी केली होती ती नेमकी कमल आणि रतनवर.

झालं होतं ते असं. ‘इजलेटर’ नावाचं फंक्शन, अक्षर आहे का सांगणारं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘व’ हे अक्षर आहे, पण ‘ि’ हे अक्षर नाही, ते अक्षराला जोडायचं चिन्ह आहे, त्याचा वर्गच वेगळा. आपण बाराखडी म्हणताना ‘वि’ हे एक अक्षर म्हणून शिकलो, यंत्राकडे ते दोन तुकडे असतात आणि माझ्या राखणदारानं दुसरा तुकडा प्रत्येक वेळी दाराबाहेर ठेवला. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, यंत्राला सात मोजावी लागतात, त्यातली तीन त्यानं गिळली.

गिळली, हाच शब्द बरोबर आहे. कळ दाबली आणि काहीच झालं नाही. ना आवाज, ना लाल खूण, ना एका ओळीची सूचना. ती टायपिंग शिकलेली मुलगी, तिची नजर शिकवल्याप्रमाणे रजिस्टरवर होती, पडद्यावर नव्हती. तिनं प्रत्येक नाव अचूक टाइप केलं होतं. प्रोग्रामनं ते अचूक नाव मोडून ठेवलं आणि तिला कळू दिलं नाही. ती कोपऱ्यात उभी होती, रडवेली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हिची यात काही चूक नाही, चूक माझी आहे. मालकांनाही तेच सांगितलं. ते रागावले, रागावणं रास्तच होतं.

वाटप थांबवलं नाही. दिवाळीच्या तोंडावर लोकांचे पैसे अडकवून ठेवणं शक्यच नव्हतं. अण्णांनी जुन्या इंग्रजी यादीवर सह्या घ्यायला सुरुवात केली, दुरुस्त पावत्या सोमवारी देतो म्हणाले. बहुतेकांनी मानलं. सविताअक्का मात्र भिंतीशेजारच्या बाकावर बसून राहिल्या. पाळी संपलेली, घरी जायचं सोडून. म्हणाल्या, “करा तुम्ही. मी हाय.”

त्या बसलेल्या असताना मी ते काम केलं. मोडकी नावं प्रोग्रामनं परत जुळवता येतील का, हा विचार आधी मनात आला आणि लगेच गेला. ‘रम’ हा राम असू शकतो, रमा असू शकते, रामू असू शकतो. एकदा टाकून दिलेली मात्रा कुठूनही परत येत नाही. ती नावं रजिस्टरवरूनच पुन्हा भरावी लागणार होती.

मग तपासणीच बदलली. कळ दाबताना अडवणं मी पूर्ण काढून टाकलं. तसंही ते अर्धवट असतं, कुणी नोटपॅडमधून मजकूर चिकटवला तर त्यातलं एकेक अक्षर त्या तपासणीसमोर येतच नाही. आता जे टाइप होईल ते सगळं दिसू द्यायचं आणि रकाना सोडताना एकदा संपूर्ण नाव पाहायचं: अक्षरं चालतील, अक्षरांना लागणारी चिन्हं चालतील, मधली मोकळी जागा चालेल, टिंब चालेल कारण आद्याक्षरं लिहिणारी माणसं आहेत. जोडाक्षरं हवी तशी दिसावीत म्हणून मध्ये घालावी लागणारी न दिसणारी जोडखूण असते, तीही चालेल. ती विसरलो असतो तर ‘र्‍य’ लिहिताना उद्या तोच प्रकार झाला असता. यात न बसणारं काही आलं तर शेजारी लाल खूण आणि मराठीत वाक्य: ‘नावात आकडा आला आहे, एकदा पाहा.’ काय खटकलं ते सांगायचं, लिहिलेलं पुसायचं नाही. नावाची लांबी मी पंधरावर बांधली होती, तीही पन्नास केली. ‘राजराजेश्वरी’ आपल्याला सहा अक्षरं दिसतात, यंत्राला बारा.

साडेसहाच्या सुमारास त्या मुलीनं परत एकदा टाइप केलं, या वेळी पडद्याकडे बघत. सविता. पावती छापली. अक्कांनी ती हातात घेऊन बोट ठेवत वाचली. स, वि, ता. पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. मग दिवस, रक्कम, कापलेली उचल, सगळंच वाचलं, घाई केली नाही. सही केली. पावतीची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “नरसम्माचं पण काढा. तिचं घर माझ्या गल्लीत हाय, मी देते.” आम्ही नरसम्माचं काढलं. मग त्या गल्लीतल्या आणखी चौघींची.

रात्री मी आणि अण्णा बाकीची नावं भरत बसलो. रजिस्टर त्यांच्या हातात, कीबोर्ड माझ्या. पान उलटता उलटता पडद्यावर जन्मतारखा दिसत होत्या आणि मला खटकायला लागलं. १ जून. १ जून. १ जून. सालं वेगवेगळी, दिवस एकच. सविताअक्कांचाही १ जून.

“अण्णा, हे काय?”

अण्णा चष्मा काढून म्हणाले, “तुझाच फॉर्म आहे की रे. तारीख भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नव्हता. मी भरली.”

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिला फॉर्म केला तेव्हा जन्मतारीख मी सक्तीची ठेवली होती, आणि ती बरोबर नसेल तर कर्सर त्या रकान्यातून हलायचाच नाही. ‘रद्द करा’चं बटणसुद्धा दाबता यायचं नाही, कारण त्या बटणाला तपासणीतून सूट द्यायची असते आणि ती मी दिली नव्हती. साठीचा माणूस त्या रकान्यात अडकून बसायचा. समोर कामगार उभा, त्याला तारीख माहीत नाही, मागं रांग. शाळेत मास्तर घालायचे तीच तारीख अण्णांनी घातली. मी दोन वर्षं समजत होतो की माझ्याकडे एकही जन्मतारीख रिकामी नाही.

अडवणूक केली की माणूस वाट काढतोच. टाइप करणाऱ्या मुलीला वाट काढायची संधीही मिळाली नाही कारण तिला अडवलंय हे कळलंच नाही, अण्णांना कळलं आणि त्यांनी खोटं लिहिलं. दोन्हीकडून माझ्या माहितीत चुकीचंच साठलं. कडक तपासणी म्हणजे चांगली तपासणी असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर जन्मतारखेचे मी तीन रकाने केले, दिवस, महिना, साल, तिन्ही रिकामे सोडता येणारे. शेजारी एक मोकळा रकाना, ‘कामगारानं सांगितल्याप्रमाणे’. त्याला तपासणी काहीच नाही. अण्णांनी एकेकाला बोलावून पुन्हा विचारायला घेतलं. सविताअक्का आल्या त्या दिवशी मी तिथेच होतो.

“जन्मतारीख माहीत आहे का, अक्का?”

“तारीख न्हाई माहीत. दिवस माहीत हाय. आई सांगायची, गड्ड्यात अक्षतेच्या दिवशी झाले. बाहेर काठ्या चालल्या होत्या, सुईण यायला वाट मिळंना.”

गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, काठ्या म्हणजे तिच्या मिरवणुकीतले नंदीध्वज, आणि अक्षता म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाचा सोहळा. संक्रांतीचे दिवस, ऐन जानेवारी. अण्णांनी १ जून पुसला. महिना भरला, दिवस आणि साल रिकामं ठेवलं, आणि मोकळ्या रकान्यात सावकाश, एकेक कळ शोधत लिहिलं: ‘गड्डा, अक्षतेचा दिवस.’ सगळ्या काना-मात्रा उमटल्या का ते त्यांनी वाकून पाहिलं, आणि मग सेव्ह केलं.