धोळावीरा: शेवटचा थर बघितल्याशिवाय परतू नका

धोळावीऱ्याला लोक जातात ते हडप्पा संस्कृतीचं वैभव बघायला. मला त्याहून जास्त ओढ होती ती या शहराच्या शेवटाची. दीड हजार वर्षं नांदलेलं गाव ओस कसं पडतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याच भिंतींमधून चालत बघणं वेगळं.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो. धोळावीरा कच्छच्या मोठ्या रणातल्या खडीर बेटावर आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने भूज गाठायचं आणि तिथून खावड्यामार्गे, रण कापत जाणाऱ्या नव्या रस्त्याने निघायचं. पूर्वी भचाऊ-रापर असा लांबचा वळसा पडायचा. तो रस्ता आजही चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत रण पसरलेलं बघायचं असेल तर खावड्याचाच धरा. पावसाळ्यानंतर तिथे पाणी साचलेलं असतं, ते आटून मीठ दिसायला साधारण डिसेंबर उजाडतो. पेट्रोल भूजलाच भरा. पिण्याचं पाणी भरपूर घ्या आणि मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. मुक्काम धोळावीऱ्यातच करा. भूजहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचं ठरवलं, तर भर उन्हात दगडांमधून घाईने फिरावं लागतं आणि अवशेषांवर सावली अजिबात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच जायचे दिवस. शुक्रवार टाळा, त्या दिवशी तिथलं संग्रहालय बंद असतं.

आता शहर. पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशींनी १९६०च्या दशकात ही जागा उजेडात आणली. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या हाताखाली १९९०पासून मोठं उत्खनन झालं आणि २०२१ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बहुतेक वाटाडे आधी बालेकिल्ल्यावर नेतात. मी म्हणेन, आधी जलाशय बघा. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत. दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे, आणि या भागात पाऊस तो किती! ओढ्यांवर बंधारे घालून पाणी वळवलं, शहराच्या सुमारे १३ मीटरच्या उताराचा फायदा घेतला आणि तटबंदीच्या आत ओळीने जलाशय बांधले. पूर्वेकडचा जलाशय ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध स्नानगृह त्याच्यापुढे फारच लहान वाटतं. दक्षिणेकडे खडक कोरून केलेले हौद आहेत. आपल्या गडांवरची टाकी बघितलेल्या माणसाला ती छिन्नीची कामं लगेच ओळखीची वाटतात. पायऱ्या उतरून तळाशी जा आणि थोडा वेळ थांबा. पाण्याचा इतका विचार केलेलं दुसरं प्राचीन शहर मी पाहिलेलं नाही.

म्हणूनच पुढचा प्रश्न छळतो. इतकं सगळं करूनही शहर गेलं कसं?

त्याचं उत्तर बालेकिल्ल्यातच शोधायचं. उत्खननात वस्तीचे एकूण सात टप्पे सापडले. पाचव्या टप्प्यात शहराची निगा राखणं ढासळू लागल्याच्या खुणा आहेत आणि त्या सगळ्यात स्पष्ट दिसतात त्या सत्ता जिथे होती त्या बालेकिल्ल्यात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शत्रू चालून आला, आग लागली, एका रात्रीत सगळं संपलं, अशी ही कहाणी नाही. आधी डागडुजी थांबली. मग काही काळ गाव ओस पडलं. पुढे लोक परतले, पण लहानशी वस्ती करून राहिले. पुन्हा उठले. शेवटी जे आले त्यांनी गोल झोपड्या बांधल्या, कच्छमध्ये आज ‘भुंगा’ म्हणतात त्या गोल घरांसारख्या. काटकोनातले रस्ते आणि आखीव घरं त्यांच्या आयुष्यात उरलीच नव्हती. या गोल घरांचे पाये आवर्जून दाखवायला सांगा, कारण फेरीत ते सहसा वगळले जातात.

कारण एकच नव्हतं. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोठा कोरडा काळ आला. त्याच्या खुणा मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुन्याच्या थरांत इतक्या स्पष्ट मिळाल्या, की भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली तिथपासून आजवरच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं. इजिप्तचं जुनं राज्य आणि मेसोपोटेमियातलं अक्कडचं साम्राज्य साधारण त्याच सुमारास मोडलं. अक्कडचा राजा सार्गन याने आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागतात असा अभिमानाने उल्लेख केला आहे आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. धोळावीऱ्याचे कारागीर मणी घडवायचे, ते दूरच्या बाजारांसाठीही. तिकडचं गिऱ्हाईक गेलं आणि इकडे पाऊस हटला. जलाशय एखादा दुष्काळ निभावून नेतात. पिढ्यान्‌पिढ्या कमी पडणारा पाऊस आणि आटलेला व्यापार त्यांच्याने भरून निघत नाही. आज एकाच पिकावर, एकाच धरणावर किंवा एकाच परदेशी बाजारावर अख्खा जिल्हा उभा असतो, तेव्हा मला हीच जोडी आठवते आणि खरोखर काळजी वाटते.

उत्तरेच्या दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला होता. ती लिपी अजून कोणालाही वाचता आलेली नाही. त्यामुळे या लोकांनी आपल्या संकटाबद्दल काय म्हटलं असेल ते कळायला मार्ग नाही, भिंतीच वाचाव्या लागतात. पश्चिमेला दफनभूमी आहे, वेळ असेल तर तीही बघा. वाटेत खापरं पायाखाली येतील. ती जागच्या जागी राहू द्या, उचलून नेणं हा कायद्याने गुन्हा आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पायात बूट घाला, दगड सैल आहेत.

माणसं मात्र संपली नाहीत. काही दक्षिण गुजरातेत आणि पुढे महाराष्ट्रात सरकली, असं मानलं जातं. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळाची वस्ती सापडली आहे. तिथे १९७४ साली मिळालेल्या चार कांस्यमूर्तींचं वजन मिळून ६० किलोंच्या वर आहे. त्यानंतर कित्येक शतकांनी घोड नदीकाठच्या इनामगावात तेच पुन्हा घडलं. आधी चौकोनी घरं, गव्हाची शेती आणि पाण्याचा पाट. पाऊस कमी होत गेला तशा गोल झोपड्या, जास्त भटकी गुरं-मेंढ्या. इनामगावच्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. कच्छला जाण्याआधी त्या बघून घ्या, वेळ मात्र फोन करून ठरवा. धोळावीऱ्यात गोल पाये दिसले की ते काय आहेत हे मग कोणी सांगावं लागणार नाही.