बोटांची ऊब

मे महिन्यातील एका दुपारी जे यश मी वहीत ठसठशीत अक्षरांत नोंदवले होते, ते त्याच संध्याकाळी मला खोडावे लागले. पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा वाकण मोजणाऱ्या लवचीक संवेदकावर काम चालू होते. 125 मायक्रोमीटर जाडीच्या पिवळसर पॉलिइमाइड (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पट्टीवर स्पटरिंगने, म्हणजे निर्वात कक्षात धातूचे अणू उडवून, बसवलेले धातूंचे सगळे थर मिळून 30 नॅनोमीटरही भरत नव्हते : मध्ये तांबे, एका बाजूस इरिडियम-मँगनीजने जखडलेला, म्हणजे चुंबकनाची दिशा पक्की केलेला, चुंबकीय थर आणि दुसऱ्या बाजूस कोबाल्ट-लोहाचा मोकळा थर. दोन्हींचे चुंबकन एकाच दिशेला असले की विद्युतरोध कमी आणि विरुद्ध असले की जास्त, हा 1988 मध्ये उघड झालेला परिणाम, ज्यासाठी फेर आणि ग्रुनबर्ग यांना 2007 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तोच आम्ही वापरत होतो. मोकळ्या थरासाठी कोबाल्ट-लोह मुद्दाम निवडले होते, कारण ताण पडला की त्याचे चुंबकन ताणाच्या दिशेकडे वळू पाहते. परमलॉय हा निकेल-लोहाचा मिश्रधातू याबाबतीत जवळजवळ निर्विकार असतो.

पट्टी 50 मिलिमीटर त्रिज्येच्या नळकांड्यावर हाताने दाबून धरली आणि रोध वाढला. सोडली, तर तो कमी झाला. पण सावकाश, जवळपास मिनिटभर रेंगाळत. चुंबकन वळायला मिनिट लागत नाही, हे ठाऊक असूनही मी आधी दोष मोजमापाच्या तारांना दिला. मग पट्टी न वाकवता तिच्यावर नुसते बोट ठेवून पाहिले, तर पडद्यावर तोच आलेख उमटला. (हातमोजे बोटांचा मळ अडवतात, ऊब नाही.)

शंका उरू नये म्हणून पट्टी उलटी केली. थर बाहेरच्या बाजूस असले तर ताणले जातात, आतल्या बाजूस आले तर दाबले जातात, म्हणून खरोखर वाकणच मोजले जात असेल तर बदलाचे चिन्ह उलटायला हवे होते. ते उलटले नाही. त्या वाकणात पृष्ठावरचा ताण जेमतेम 0.125 टक्के होता. उलट शुद्ध तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, आणि इतक्या पातळ थरांत हे प्रमाण कमी असले, तरी बोटाची सात-आठ अंशांची जादा ऊब वाकणाचा संकेत झाकून टाकायला पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सारख्याच दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या आणि त्या लाकडी चिमट्यांनी वाकवल्या. ऊब दोघींचा रोध सारखाच वाढवते, वाकण मात्र एकीला ताणते आणि दुसरीला दाबते. त्यामुळे दोन वाचनांच्या फरकातून वाकण मिळाले आणि सरासरीतून तापमान. जाडी दुप्पट झाल्याने त्याच नळकांड्यावर पृष्ठावरचा ताणही दुप्पट झाला, म्हणून जुन्या नोंदींशी तुलना करण्यासाठी 100 मिलिमीटर त्रिज्येचे नवे नळकांडे कार्यशाळेकडून करून घ्यावे लागले.