हार्ड डिस्क आर. के. नगरला ठेवली त्याची गोष्ट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात शाहूपुरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा लग्नाचे फोटो काढायच्या माझ्या स्टुडिओतलं काय काय उचललं ते मला अजून तोंडपाठ आहे. कॅमेरे, लेन्स, दोन्ही कॉम्प्युटर, लाइटची बॅग, अगदी भिंतीवरचा अंबाबाईचा फोटोसुद्धा. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमधल्या दोन हार्ड डिस्क तेवढ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर ड्रॉवर फुगून बसलेला, पक्कडीनं ओढून काढावा लागला. एका डिस्कमधून रिकव्हरीवाल्यानं निम्मंअर्धं काढून दिलं, दुसरीनं जीव सोडला. एका घरची हळद अख्खी गेली. त्या मुलीच्या वडिलांना फोन करायला मला तीन दिवस लागले.

२०२१ च्या पुरात मी शहाणा झालो होतो, निदान तसं वाटत होतं. एक डिस्क कॅरीबॅगमध्ये गुंडाळून स्कूटरवरून आर. के. नगरला ताईकडे पोचवली. ते एवढं उंचावर की तिथं पंचगंगा काही चढत नाही. नंतर डिस्क उघडून बघतो तर काम फेब्रुवारीपर्यंतचंच. पुढची कॉपी विंडोजनं 'पाथ फार लांब' (म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट फाइलीचा पत्ता फार लांब) म्हणत मध्येच थांबवली होती आणि मी न वाचताच ती खिडकी बंद केली होती. 'फायनल'च्या आत 'फायनल नवीन', त्याच्या आत 'फायनल फायनल'. २६० अक्षरांची मर्यादा माझ्यासारख्यानं नाही ओलांडायची तर कुणी? कॉम्प्युटर माळ्यावर कोरडे होते म्हणून वाचलो.

ढगात, म्हणजे इंटरनेटवर, सगळं चढवायचा विचार केला होता. पण दोन टेराबाइटच्या वर फोटो, आणि आमच्या गल्लीतल्या नेटचा वेग. ते जमणारं नव्हतं. स्टुडिओत माझ्याबरोबर काम करणारा पोरगा म्हणाला, "दादा, दुसऱ्या डिस्कवर बॅकअप, म्हणजे जादा कॉपी, ठेवायला फुकटातली सॉफ्टवेअरं आहेत की. एकेका माणसानं हौसेनं सुरू केलेली, कोडसुद्धा उघडं असतं." फुकट म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी. पण बसलो. एका सीझनची १८० जीबी कामं वेगळी काढली, जुना डेस्कटॉप घेतला आणि वहीत रकाने आखले: वेग, जागा, सोपेपणा.

पहिलं फ्रीफाइलसिंक. डावीकडं आपलं, उजवीकडं डिस्कवरचं, मधे बाण. पाच मिनिटांत समजलं. शिवाय डिस्कवर फाइली जशाच्या तशा बसतात, उघडायला ते सॉफ्टवेअरही लागत नाही. पण 'मिरर' म्हणजे आरसाच. इकडं फाइल बिघडली की पुढच्या फेरीला बिघडलेलीच तिकडं जाणार.

मग सिंकथिंग. याकोब बोर्ग या स्वीडिश माणसानं २०१३ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर काढलं. दोन मशीन एकमेकांशी थेट बोलून दोन्हीकडचं फोल्डर सारखं ठेवतात, मधे कुणाचा सर्व्हर साठवायला नाही. मी खूश. तेवढ्यात पोरानं लॅपटॉपवर जागा करायला म्हणून एक फोल्डर उडवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते डेस्कटॉपवरूनही गेलं. चूक आमचीच. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय त्यात आहे, पण ती आपण चालू करावी लागते, आणि 'हे बॅकअपसाठी नव्हे' असं त्यांच्याच माहितीत लिहिलंय. वाचतंय कोण.

त्या दिवशी वहीतले तिन्ही रकाने खोडले आणि एकच ठेवला: दुसऱ्याच मशीनवर, माझं मशीन पाण्याखाली आहे असं धरून, एक लग्न परत मिळतं का?

या कसाला तीन उतरली. बोर्गबॅकअप नावाचं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये अ‍ॅटिक नावाच्या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालेलं, काम एकदम चोख. पण विंडोजवर ते सरळ चालत नाही, आणि माझा सगळा संसार विंडोजवर. उरली कोपिया आणि रेस्टिक. दोन्ही फाइलींचे तुकडे करतात, तोच तुकडा पुन्हा आला तर दुसऱ्यांदा साठवत नाहीत, आणि सगळं कुलूपबंद ठेवतात. माझ्या 'फायनल फायनल'वाल्या सवयीला हे औषधच. एकच फोटो निवडीत, अल्बममध्ये आणि फायनलमध्ये असला तरी जागा एकदाच खातो. एकाच फोटोच्या तीन-तीन प्रती मी वर्षानुवर्षं जपत होतो हे तेव्हा कळलं, थोडी लाजच वाटली.

कोपियाला बटणांची खिडकी आहे, पोराला तीच आवडली. रेस्टिकला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. तरी मी रेस्टिक घेतलं. कारण असं, की ही सॉफ्टवेअरं मोजक्या माणसांवर चालतात आणि माणूस कधी ना कधी थकतो. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप असंच २०२४ मध्ये बंद झालं. पुढं कुणी थांबलं तर माझ्या डिस्कवरच्या त्या तुकड्यांचं काय? रेस्टिकचा साठा कसा रचलेला असतो हे सगळं उघड लिहून ठेवलंय, आणि रस्टिक नावाचं दुसऱ्याच लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तोच साठा उघडतं. ते मी दाजींच्या लॅपटॉपवर टाकून पाहिलं, उघडलं. लाइट गेल्यावर काय होतं हे बघायला मध्येच प्लगही उपटला. पुन्हा चालवल्यावर बरंचसं आधीच बसलेलं होतं.

खरा घोळ पुढंच होता. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा कुणीही उघडू शकत नाही, बनवणारासुद्धा नाही. मी तो नीट वहीत लिहिला होता. वही कुठं? टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये.

दाजींना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "पाव्हणं, कुलूप घाटावर आणि किल्ली नदीत व्हय?" सुदैवानं एकाच साठ्याला दोन वेगळे पासवर्ड देता येतात. दुसरा ताईच्या नावानं केला, तिनं तो मसाल्यांची मापं लिहिलेल्या वहीत टिपला.

आता दर रविवारी एक डिस्क जाते, एक येते. चालू वर्षाची कामं शिवाय फ्रीफाइलसिंकनं साध्या कॉपीत. महिन्यातून एकदा कुठलंही एक लग्न दाजींच्या लॅपटॉपवर परत काढून बघतो.

२०२४ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्याला पाणी धोक्याच्या ४३ फुटांच्या वर गेलं तेव्हा मशीन माळ्यावर टाकली, शटर ओढलं आणि ताईकडं गेलो. एका पार्टीचा अल्बम त्याच आठवड्यात द्यायचा होता. दाजींच्या लॅपटॉपवर अख्खं लग्न परत काढायला बसलो, पासवर्ड मात्र मला आठवेना. ताईनं स्वयंपाकघरातून वही आणली. त्या पानावर हळदीचा डाग पडला होता, शेवटचे दोन अंक अंदाजानं टाकले, तिसऱ्या प्रयत्नाला उघडलं.