पापुद्रा उलटा करून बघितल्यावर

घराबाहेरच्या लाकडी डेकवरचा, म्हणजे उघड्या ओट्यावरचा, रंग दुसऱ्याच हिवाळ्यात सुटला, तर आता याहून चांगला स्टेन (लाकडाला लावायचा रंग) कोणता घ्यावा, एवढाच घरमालकांचा प्रश्न होता. मोबाईलवर त्यांनी चार डब्यांचे फोटो काढून ठेवले होते आणि प्रत्येक डब्यावर वर्षांचा आकडा ठळक छापलेला. डबे नंतर बघू म्हटलं आणि आधी खाली बसलो.

डेक साधारण 30 चौरस मीटरचा, प्रेशर ट्रीटमेंट केलेल्या (दाबानं तांब्याचं कीड-बुरशीनाशक आत मुरवलेल्या) पाइनचा, दक्षिणेकडे उघडा आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. त्यावर अॅक्रिलिक सॉलिड स्टेनचे दोन हात. कठड्यालाही त्याच डब्यातला माल लावलेला, आणि कठडा अगदी शाबूत. पायाखालच्या फळ्यांवर मात्र तळहाताएवढे पोपडे. डबा तोच आणि रंगारीही तोच, त्यामुळे माल भेसळीचा निघाला ही त्यांची शंका तिथेच निकालात निघाली.

असल्या कामात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे पोपड्याची मागची बाजू. ती कुणी बघत नाही. सुटलेला पापुद्रा उलटा करायचा आणि उन्हाकडे धरायचा. मागे करडी लव चिकटलेली असेल, तर रंगाची पकड सुटलेली नसते, लाकडाची वरची कातडी सुटलेली असते. उघड्या लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू जोडून ठेवणारा पदार्थ, ऊन खातं, तंतू मोकळे होतात आणि वरचा थर नुसता भुसभुशीत उरतो. काही आठवड्यांच्या उन्हातच हे सुरू होतं. त्यावर कितीही महाग रंग लावा, तो त्या भुशाला धरून बसतो आणि भुशासकट निघतो. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर दोष पकडीचा: लाकूड ओलं होतं, खालून ओल ढकलत होती, किंवा पृष्ठभाग इतका घोटलेला होता की रंगाला शिरायला जागाच नव्हती.

इथे दोन्ही सापडलं. मधल्या फळ्यांच्या पोपड्यांना करडी लव होती, म्हणजे जुनं उन्हानं मेलेलं लाकूड नीट न काढताच रंग चढवला होता. पायऱ्यांजवळच्या पोपड्यांची पाठ मात्र कोरी. तिथे काय केलं होतं, असं विचारल्यावर मालक कौतुकानं म्हणाले, ‘‘तिथे रंगाऱ्यानं दीडशे नंबरचा पॉलिश पेपर मारला होता. हात फिरवला तर काचेसारखं लागायचं.’’ बाहेरच्या फळीला दीडशे नंबर! घरातल्या टेबलाची सवय अंगणात आणली की हे होतं. पेपरचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक; डेकच्या फळीला 60, फार तर 80 नंबरवर थांबायचं. त्यापुढे गेलात की लाकडाची तोंडं बुजतात आणि स्टेन वरच्या वर वाळतो.

मग लाकडातली ओल मोजणारा मीटर लावला. ऊन चांगलं वर आल्यावरच लावला, कारण गोठलेल्या लाकडात पिनांचा मीटर खोटं बोलतो. बर्फातून वीज नीट जात नाही, आकडा कमी येतो आणि ओलं लाकूड कोरडं वाटतं. फळीच्या वरच्या अंगाला 14 टक्के आणि खालच्या अंगाला 24. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. प्राणी आत शिरू नयेत म्हणून डेकच्या चारी बाजू फळ्या ठोकून बंद केल्या होत्या. आतली माती ओली, वारा नाही, आणि फळीची खालची बाजू कोरी. ती बाजू जमिनीची वाफ पीत राहते. वरून घट्ट पापुद्रा असला की ओल त्याच्याखाली येऊन अडते, दिवसा उन्हानं तापून वर ढकलते आणि रात्री गोठते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. रंगाला केसाएवढी भेग पडली की रोज रात्री ती थोडी उचकटली जाते.

म्हणूनच ‘आमच्याकडे उणे पंचवीस होतं’ हे ऐकून मी फारसा दचकत नाही. सलग थंडी आणि अंगावर कोरडा बर्फ असलेला डेक त्यामानानं सुखात असतो. खरा छळ होतो तो शून्याच्या खाली-वर हेलकावे खाणाऱ्या हवेत, आणि दक्षिणेच्या उन्हात हे हेलकावे सर्वांत जास्त. दुपारी बर्फ वितळतो, पाणी फटीत शिरतं, संध्याकाळी पुन्हा दगड. कठडा का वाचला, तेही यातच आलं. उभ्या लाकडावरून पाणी निथळून जातं, त्यावर बर्फ बसत नाही, बूट घासत नाहीत, फावडं चालत नाही.

सॉलिड स्टेनचं नाव स्टेन असलं तरी जात रंगाची. तो लाकडावर बसतो, लाकडात जात नाही. भिंतीच्या फळ्यांवर आणि कठड्यावर तो उत्तम. आडव्या फळीवर, बर्फाच्या प्रदेशात, मी तो सुचवत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसनची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी, ही लाकडावर संशोधन करणारी सरकारी संस्थासुद्धा डेकसाठी पापुद्रा धरणाऱ्या रंगाऐवजी जिरणारं फिनिशच सुचवते. मालकांनी लगेच फोटोतला दहा वर्षांचा डबा पुढे केला. त्याची हमी बारीक अक्षरांत वाचून दाखवली: माल खराब निघाला तर नवा डबा. मजुरी नाही, खरवडणं नाही. शिवाय तो आकडा बहुतेक उभ्या भिंतीचा असतो, डेकचा आकडा त्याच्या खाली बारीक छापलेला. ही चलाखी मला दरवर्षी नव्यानं चीड आणते.

निवडताना मी एकच विचारतो: हा माल संपताना कसा संपेल? आडव्या फळीवर सगळंच संपतं. लाकडात जिरणारा सेमी-ट्रान्स्परंट (अर्धपारदर्शक) स्टेन दोन-तीन वर्षांत फिका पडतो, झिजतो. मग धुऊन, वाळवून वर एक हात दिला की काम झालं. पापुद्र्याचा माल संपतो तो सोलून, आणि तो खरवडण्यात पहिल्या कामाच्या कितीतरी पट मेहनत जाते. थंड मुलखात काम करण्याजोगे महिनेच थोडे, तिथे हा फरक फार मोठा.

क्लिअर सीलर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक लेप, त्यांना पसंत होता, लाकूड दिसतं म्हणून. पण ऊन अडवतं ते रंगद्रव्य, मुख्यतः लोहाचे ऑक्साइड. ते नसेल तर पाणी थोडे दिवस मण्यासारखं घरंगळतं खरं, पण लाकूड वर्षभरात करडं होतं. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा मोठा भाग परत उसळतो, म्हणजे हिवाळ्यातही सुटका नाही. मधला तपकिरी, दाट रंगद्रव्याचा सेमी-ट्रान्स्परंट घ्या, असं सांगितलं. तेल कोणतं, हेही बघायचं. नुसत्या जवसाच्या तेलावर बुरशी जेवते. अल्किड (तेलापासून बनवलेलं राळ) तेलाचा आणि बुरशीनाशक घातलेला माल बरा. पाण्यातले चांगले स्टेनही आता मिळतात, पण काही नावालाच जिरणारे असतात आणि दुसऱ्या हातानंतर चकचकीत पापुद्रा धरतात. एका सुट्या फळीवर लावून, वाळवून, नखानं खरवडून बघावं. नखाखाली साल निघाली तर तो डबा डेकसाठी नाही.

काम करायचं कसं, यावर मी त्यांना बराच वेळ अडकवून ठेवलं, कारण स्टेनच्या निवडीइतकंच यावरही टिकणं अवलंबून असतं. आधी बाजूच्या फळ्यांत जाळी बसवून वारा खेळता करायचा. फळ्यांमधल्या फटींत पाला कोंबला गेला होता, तो पातळ पट्टीनं काढायचा. फट 3 ते 6 मिलिमीटर मोकळी हवी. अॅक्रिलिकला कॉस्टिकचा (तीव्र क्षाराचा) स्ट्रिपर, म्हणजे रंग सोडवणारं द्रावण, लावून मऊ करायचं. तरी सगळं निघत नाही, उरलेलं मशीननं आणि 40 नंबरच्या पेपरनं. त्याआधी प्रत्येक स्क्रू आत दाबायचा, नाहीतर पेपर फाटतच राहतो. (डेक 2004च्या आधीचा असता तर मी पेपर मारू दिला नसता. त्या काळच्या ट्रीटमेंटमध्ये आर्सेनिक असायचं, धूळ विषारी. हा नंतरचा होता.) कॉस्टिकनंतर ऑक्झॅलिक अॅसिडचा हात हवाच. एक तर क्षार मारला जातो, दुसरं म्हणजे खिळ्यांभोवतीचे काळे लोखंडी डाग जातात. हातमोजे आणि चष्मा लावूनच. डेक नुसता करडा पडला असता तर स्ट्रिपरची गरज नव्हती, सोडियम परकार्बोनेटच्या क्लीनरनं भागलं असतं. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच मात्र नको, ते लाकडाचे तंतूच खातं.

प्रेशर वॉशरबद्दल मी जरा तापून बोललो, त्याला इलाज नाही. लोक तो तीन हजार पीएसआयवर (पाण्याच्या दाबाचं माप) लावून फळीवर नक्षी काढतात आणि वर ‘किती स्वच्छ झालं’ म्हणतात. मऊ लाकडाला सहाशे-सातशे पुरे, 40 अंशांचं नोझल, फळीपासून फूटभर लांब, आणि हात रेषांच्या दिशेनं सतत फिरता. वाळल्यावर लव उभी राहिली तर 60 नंबरचा एक हलका हात.

मग थांबायचं. लोकांना सगळ्यात जड जातं ते हे. मीटर वर-खाली दोन्हीकडे 15 टक्क्यांच्या आत यायला हवा. मीटर नसेल तर पाण्याचे थेंब टाकून बघायचं: दहा मिनिटांत जिरले तर लाकूड स्टेन प्यायला तयार, मणी होऊन बसले तर नाही. नव्या ट्रीटेड फळ्या कारखान्यातूनच ओल्या येतात, त्यांना कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. हवा 10 अंशांच्या वर हवी, आणि ती नुसती दुपारी नाही, पुढची रात्रही धरून. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळावं. संध्याकाळी दव पडायच्या बरंच आधी ब्रश खाली ठेवायचा. फळीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव पडू लागतं) निदान 3 अंश वर हवं.

माल किती, तर एक लिटर साधारण 5 चौरस मीटरला. म्हणजे इथे एका हाताला 6 लिटर, आणि टोकांसाठी थोडा जास्त. सगळे डबे एका बादलीत एकत्र करायचे, नाहीतर मधेच छटा बदलते. ढवळत राहायचं, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं आणि शेवटच्या फळ्या गडद होतात. एका वेळी दोनच फळ्या घ्यायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही. थांबलात की जोड दिसतो. सावलीत, ब्रशनं दाबून. पंधरा-वीस मिनिटांत जे पिलं नाही ते फडक्यानं पुसून काढायचं. न पुसलेला जास्तीचा स्टेनच चिकट राहतो, चकाकतो आणि पुढे सोलतो, आणि मग लोक म्हणतात तेलाचा मालसुद्धा सोलला. फळीच्या कापलेल्या टोकांना दोनदा पाजायचं. टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगानं शिरतं. इथे प्रत्येक टोकाला बोटभर काळी किनार होती, ती त्याचीच. आणि ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेटतात. मोकळ्यावर एकेक पसरून वाळवायची किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची.

हिवाळ्यात प्लॅस्टिकचं फावडं, फळीच्या लांबीच्या दिशेनं, आणि शेवटचा बोटभर थर तसाच सोडायचा. वाळू नको, ती बुटाखाली पेपरचं काम करते. मीठही नको, तांब्याच्या ट्रीटमेंटमुळे स्क्रू आधीच गंजाच्या तोंडाशी असतात.

इतकं सगळं पटलं तरी एक गोष्ट मला अजून सोडत नाही. दाराजवळच्या दोन फळ्या. चारी बाजूंनी पोपडे, वर सगळ्यात जास्त वर्दळ, आणि या दोघींवरचा सॉलिड स्टेन जवळजवळ अखंड. टेप चिकटवून ओढला, काही निघालं नाही. टोकाला जाऊन छेद बघितला तर वर्षवलयं उभी होती, बाकी फळ्यांत ती आडवी. उभ्या वलयांची फळी रुंदीत निम्मीच फुगते-आक्रसते, रंगाला ओढाताण कमी. उत्तर मिळालं असं वाटलं. पण कोपरा खरवडून भिंगाखाली धरला तर त्यांच्यावरचा थर शेजारच्या पोपड्याच्या निम्माच. मालकांना आठवलं, शेवटी डबा संपत आला होता, रंगाऱ्यानं उरलंसुरलं ताणून लावलं. मग वाचवलं कुणी, करवतीनं की कंजूषपणानं? दोन्ही एकाच फळीवर असल्यामुळे वेगळं काढता येत नाही.

यातली एक फळी यंदा तशीच ठेवा, पुढच्या वर्षी बघू, असं मी सुचवलं. ‘‘अहो, दारातच ती ठिगळासारखी दिसेल,’’ मालक म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच आहे. दोन्ही खरवडायच्या ठरल्या. नव्या फळ्या घ्याल तेव्हा गठ्ठ्यातून उभ्या वलयांच्या निवडून घ्या, एवढं मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.