कँटीनचा चहा कुणाच्या खात्यात?

वीजबिल कितीही फुगू दे, आमच्याकडं कुणी हूं की चूं करत नाही. ते वाटायला घेतलं की मात्र सगळे जागे होतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मी कॉस्टिंग बघतो, म्हणजे कशाला किती खर्च पडतो ते. कँटीन, मेंटेनन्स, सिक्युरिटी हा सामायिक खर्च मेल्टिंग, मोल्डिंग (साचे बनवणं), फेटलिंग (ओतलेला भाग घासूनपुसून साफ करणं) आणि मशीन शॉपवर टाकायचा, तोही एका एक्सेल शीटवर.

कँटीन माणशी, भाडं चौरस फुटावर, वीज मीटरवर, इथवर कुणाची तक्रार नसते. घोडं अडतं ते डिमांड चार्जेसवर. ते युनिटवर नसतात, भार जास्तीत जास्त किती चढला त्यावर असतात. "भट्टी चालू असतानाच कॉम्प्रेसर तुम्ही लावायचा आन् बिल आमच्या बोकांडी? असं कुठं असतंय व्हय, साहेब?" मेल्टिंगवाल्यांचं अगदीच चूक नाही. पण मोल्डिंगवालेही बांध कोरणाऱ्या भावकीला लाजवतील इतके चिवट.

मला स्वतःला गंमत वाटते ती मेंटेनन्स आणि कँटीनची. मेंटेनन्सची पोरं कँटीनात जेवतात, कँटीनचा फ्रीज मेंटेनन्स दुरुस्त करतं. समजा कँटीनचा खर्च 1,00,000 आणि त्यातला 10 टक्के मेंटेनन्सचा. म्हणजे मेंटेनन्सच्या 2,00,000 मध्ये 10,000 मिळाले. आता त्या 2,10,000 चे 5 टक्के कँटीनकडं: 10,500. त्यातले 1,050 परत इकडं, मग 52.50 तिकडं, मग सव्वापाच रुपये. एक्सेल 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून ओरडतं. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू केलं की तेच मुकाट्यानं 100 फेऱ्यांपर्यंत मारतं आणि उत्तर देतं. मी तरी त्या वाटेला जात नाही. आधी मेंटेनन्स वाटून टाकायचा, त्याच्याकडं परत काही पाठवायचं नाही. थोडंफार इकडंतिकडं झालं तरी ऑडिटरला समजावता येतं.

खरा घोळ दुसराच आहे. काही गिऱ्हाइकं मशीनिंग न करता कच्चं कास्टिंगच उचलतात. सगळा सामायिक खर्च सरसकट किलोवर टाकला, तर मशीन शॉपच्या वाट्याचा बोजाही त्यांच्याच दरात शिरतो. मग कोटेशन महाग पडतं, ऑर्डर बेळगावला जाते आणि मीटिंगमध्ये चर्चा रंगते ती सिक्युरिटीवाल्यांचा चहा कुणाच्या खात्यात धरायचा याची.